सामूहिक वाचन, अंक १ : 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' कसा वाटला? सांगली-सातारा मंडळी, या बोलायला

हरभट_रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ठरल्याप्रमाणे डीसी या अमेरिकी कॉमिक्स कंपनीच्या या मालिकेतल्या पहिल्या अंकाचा धागा काढतोय. आठवड्याला एक अंक, म्हणजे बारा आठवडे. नियम एकच आहे: ज्या अंकाचा धागा, तिथपर्यंतच बोलायचं. पुढं कोणाचं काय होतं हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना कित्येक वर्षांपासून पाठ आहे. उरलेल्या निम्म्यांनी आज पहिल्यांदा पान उलटलंय. त्यांच्या वाट्याचा धक्का आपण खायचा नाही.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं. १९६१ साली 'फ्लॅश' या वाऱ्याच्या वेगानं धावणाऱ्या हिरोच्या १२३व्या अंकात गार्डनर फॉक्स आणि कारमाइन इन्फँटिनो या जोडीनं दोन फ्लॅश समोरासमोर आणले. जुना जे गॅरिक एका पृथ्वीवरचा, नवा बॅरी ॲलन दुसऱ्या पृथ्वीवरचा. लोकांना ते इतकं आवडलं की पृथ्व्या वाढतच गेल्या. १९६४ साली तिसरी आली, तिथं सगळं उलटं: हिरोंच्या ताकदीची माणसं गुंड, आणि एरवी सुपरमॅनचा शत्रू असलेला लेक्स ल्युथर, जो तिथं पुढं आला, तो एकटा सज्जन. असं करत करत वीसेक वर्षांत एवढा गुंता झाला की कोण कुठल्या पृथ्वीवरचा, कोण कोणाला कधी भेटलाय, हे लिहिणाऱ्यांनाही सांभाळता येईना. मार्व्ह वुल्फमन 'ग्रीन लँटर्न' लिहीत असताना एका वाचकानं पत्र पाठवून अशीच चूक दाखवली: ही दोघं आधी भेटलेली आहेत, मग इथं ओळख कशी नाही? त्या पत्राला उत्तर देताना, हे सगळं एकदा निस्तरायलाच पाहिजे, हा विचार वुल्फमनच्या मनात पक्का झाला. १९८५ हे डीसीचं पन्नासावं वर्ष होतं. वुल्फमनचं लेखन, जॉर्ज पेरेझची चित्रं, बारा अंक. एका वाचकाच्या पत्रातून एवढं मोठं काम उभं राहिलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता माझी प्रतिक्रिया. हा अंक मी चौथ्यांदा वाचला. कॉलेजात असताना वाचला तेव्हा मी माणसं मोजत होतो: हा आला, तो आला, मुखपृष्ठावर किती जण आहेत. या खेपेला तिसऱ्या पृथ्वीवरच अडकलो आणि पुढं जायलाच वेळ लागला.

ती पानं परत काढून बघा. पांढरी भिंत सरकत येतेय आणि तिच्यापुढं जे येईल ते पुसलं जातंय. क्राइम सिंडिकेटची सगळी टोळी, म्हणजे आयुष्यभर लुटालूट केलेली माणसं, आज जग वाचवायला धडपडतायत. ते त्यांना जमत नाही. त्यांनी ते कधी केलेलंच नाही. शेवटी अल्ट्रामॅन, सुपरमॅनचा तो दुष्ट जुळा, सरळ त्या पांढऱ्यात घुसतो. आपण हरलोय हे त्याला कळलेलं असतं, तरी शेवटपर्यंत लढायचं म्हणून जातो. आणि खाली ल्युथर आणि त्याची बायको लोइस आपल्या तान्ह्या अलेक्झांडरला यानात ठेवतायत.

एकवीस वर्षं वाचकांनी ज्यांचा राग केला, त्यांच्या मरणावर वुल्फमननं गोष्ट सुरू केली आणि मला त्यांचं वाईट वाटलं. क्रॉसओव्हरची, म्हणजे वेगवेगळ्या गोष्टींतली पात्रं एकत्र आणणाऱ्या कथेची, सुरुवात जोखायला माझ्याकडं हीच एक फूटपट्टी आहे: पहिल्या अंकात जे गेलं, ते गेल्यासारखं वाटलं का? इथं वाटलं.

तुमचं सांगा. सविस्तर लिहा, घाई नाही.

---

कंदी_पेढा

साताऱ्याहून हजेरी. खरं सांगते, मला जड गेला. कोणाच्या तरी लांबच्या नात्यातल्या लग्नाला गेल्यासारखं झालं. सगळे एकमेकांना ओळखतात, मी एका कोपऱ्यात. डॉनस्टार कोण, फायरब्रँड कोण, तो ॲट्लांटिसचा एरिऑन कोण? हार्बिंजर एकेकाला बोलवायला जाते, दोन पानं होतात न होतात तोवर दुसरीकडं. मी चित्रपट बघून इकडं वळलेली आहे, कॉमिक्स आत्ता दोन वर्षांपासून वाचतेय. पहिल्या अंकात एवढे लोक आणायची गरज होती का? हरभट दादा, तुम्ही म्हणता ती तिसरी पृथ्वी मला आवडली, पण ती पटकन संपली आणि मग यादीच सुरू झाली.

---

महानगर_राजनगर

कंदी पेढा, अनुमोदन. मी हिंदीतल्या राज कॉमिक्सवर वाढलेला माणूस. आमच्याकडं नागराज महानगरात, ध्रुव राजनगरात आणि डोगा मुंबईत. दोघं एकत्र येणार म्हटलं की आम्हाला महिनाभर आधी झोप नसायची. मिरज स्टेशनबाहेर एक भाड्याचं दुकान होतं, दोरीवर कॉमिक्स लटकवलेली. विशेषांक आला की मालक तो घरी न्यायला द्यायचा नाही, तिथंच बाकड्यावर बसून वाचायचा. तिघं तिघं एका अंकावर. मधला पान उलटणार, बाजूचे दोघं "थांब रे, झालं नाही" म्हणून ओरडणार.

तेव्हा मला क्रॉसओव्हरच्या सुरुवातीला काय पाहिजे? दोन हिरो भेटले पाहिजेत. आधी गैरसमज, मग मारामारी, मग खांद्याला खांदा. इथं मी बॅटमॅनची वाट बघत बसलो आणि अंक संपला. सुपरमॅन आला तोही दुसऱ्या पृथ्वीवरचा, कानशिलं पिकलेला. चित्रं जबरदस्त आहेत, त्यात वादच नाही. पण सुरुवात म्हणून मला भूक लागलेली तशीच राहिली.

अवांतर: नागराजचे सुरुवातीचे कित्येक अंक आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढलेत. हे पोरांना सांगत जा.

---

मिरजेची_सतार

मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा एकत्र वाचतोय. मी मराठीत सांगत जाते, तो चित्रं बघतो आणि मधेच मला थांबवतो.

तिसऱ्या पृथ्वीच्या पानावर त्यानं विचारलं, "आई, ल्युथर तर वाईट असतो ना?" मी म्हटलं, या पृथ्वीवर चांगला आहे. "आणि सुपरमॅन वाईट?" हो. तो जरा वेळ गप्प बसला. मग बोट ठेवून म्हणाला, "पण बाळाला रॉकेटमध्ये ठेवतायत ते तसंच आहे." मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, सुपरमॅनच्या आईवडिलांनी क्रिप्टॉनवरून त्याला जसं पाठवलं, तसंच. फक्त इथं पाठवणारा ल्युथर आहे. सुपरमॅनची सगळ्यांना तोंडपाठ असलेली गोष्ट त्याच्या शत्रूच्या घरात घडतेय. हे अकरा वर्षांच्या पोराला दिसलं, मला दिसलं नव्हतं.

कंदी पेढा, नावांचं म्हणाल तर माझ्या मुलाला त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. त्याला सोलोव्हर आवडला, कारण तो गोरिला आहे आणि राजा आहे. एवढं त्याला पुरलं. त्यानं बाकीच्यांनाही स्वतःच नावं दिलीत, "पंखवाली", "निळा किडा", "डोक्यातून आग". मला वाटतं, ओळख पटली नाही तरी चालतं असं धरून वाचलं तर अंक हलका होतो.

---

खिळे_जुळारी

छापखान्यातला माणूस बोलतोय. वय झालं, डोळे गेले, पण हात अजून शाई विसरले नाहीत.

त्या पांढऱ्या भिंतीबद्दल सगळे बोलताय, पण ती छापली कशी हे कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. आपल्या छपाईत पांढरा रंग नसतोच. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा एवढेच चार. पांढरं पाहिजे तर तिथं शाई लावायची नाही, बस. म्हणजे ती भिंत हा उघडा कागद आहे. पेरेझनं काय केलंय बघा: त्याची चौकट म्हणजे खचाखच भरलेली. एकेका इमारतीच्या खिडक्या, पळणारी माणसं, उडालेल्या विटा, मुंगीएवढ्या माणसालाही तोंड काढलेलं. आणि त्या सगळ्या रेषा एका जागी येऊन थांबतात. पलीकडं काही नाही. जग संपलंय हे दाखवायला त्यानं चित्र काढणंच थांबवलंय. दुसऱ्या एखाद्यानं तिथं आग काढली असती, काळोख काढला असता. पण काळोख म्हणजेसुद्धा शाईच की. शाईच संपली, यापेक्षा मोठं मरण कागदावर दाखवता येत नाही.

तेव्हा हे अंक स्वस्त वर्तमानपत्री कागदावर निघायचे. त्या कागदाचा पांढरा म्हणजे जरा मळकट, राखाडी. आता जाड पुस्तकात छान गुळगुळीत कागद आहे, पांढरं डोळ्यावर येतं. ते पेरेझला जास्त आवडलं असतं असं मला वाटतं. पहिल्या अंकावर शाई डिक जोर्डानोनं चढवली आहे. पेरेझच्या पेन्सिलीवर शाई चढवायची म्हणजे मनगट मोडायचं काम, एवढ्या बारीक रेषा. त्या माणसाचंही नाव घ्या कधीतरी.

---

कंदी_पेढा

काका, मी आत्ता परत जाऊन ते पान बघितलं. मला पहिल्यांदा वाटलेलं की तो प्रकाश आहे. आता तो प्रकाश दिसतच नाहीये, कोरा कागदच दिसतोय. अंगावर काटा आला.

---

हरभट_रोड (धागाकर्ता)

खिळेजुळारी काका, या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. वाचनखूण साठवली.

महानगर, तुझा मुद्दा मला पटतो आणि पटत नाहीही. तू म्हणतोस तशी सुरुवात पाहिजे असेल तर डीसीच्या प्रतिस्पर्धी कंपनीचं, मार्व्हलचं, 'सीक्रेट वॉर्स' बघ. १९८४. क्रायसिसच्या आधी वर्षभर. जिम शूटर लेखक, माइक झेक चित्रकार. पहिल्याच अंकात सगळे अंतराळात ओढून आणलेले, एका बाजूला हिरो, दुसऱ्या बाजूला खलनायक. बियाँडर नावाचा कोणीतरी सर्वशक्तिमान सांगतो की शत्रूंना मारा आणि हवं ते मागा. ग्रह गिळणारा गॅलॅक्टस त्याच्यावर धावून जातो तर माशी झटकावी तसा फेकला जातो. धडाधड. खेळण्यांच्या कंपनीबरोबर करार होता, बाहुल्या विकायच्या होत्या, आणि तरी ती सुरुवात मला अजून आवडते. लहान पोरानं सगळ्या बाहुल्या गादीवर ओतून खेळायला सुरुवात करावी तशी.

पण वुल्फमनला दुसरंच काही करायचं होतं. त्यानं मॉनिटर नावाचं पात्र १९८२ पासून डीसीच्या वेगवेगळ्या अंकांत सावलीसारखं फिरवलं. खलनायकांना शस्त्रं पुरवणारा कोणीतरी, तोंड दिसत नाही. तीन वर्षं वाचक विचारत राहिले, हा कोण? आणि या अंकाच्या शेवटच्या पानावर तो समोर येतो. ज्यांनी ती तीन वर्षं दर महिन्याला अंक घेतला असेल त्यांना ते पान उलटताना काय वाटलं असेल, याचा विचार कर. आपल्याला ते आता मिळणार नाही. पुस्तक आपल्या हातात एकगठ्ठा आहे.

म्हणूनच मी आठवड्याला एकच अंक म्हणतोय. थांबायची सवय लागल्याशिवाय याची चव कळत नाही.

---

वाघनखं_नव्हे_पंजे

विषय निघालाच आहे तर माझं जुनं दुखणं. १९९६ च्या मार्व्हल विरुद्ध डीसीमध्ये पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर लावला. त्यात मार्व्हलच्या स्टॉर्मनं डीसीच्या वंडर वुमनला हरवलं. मतांनी! वंडर वुमनसारखी योद्धा मतपेटीत हरते हे मला आजही मान्य नाही. सुरुवात कितीही दणक्यात करा, निकाल गोष्टीतून आला पाहिजे. क्रायसिसच्या पहिल्या अंकात तसली लढतच नाही, हे मला आवडलं.

---

महानगर_राजनगर

वाघनखं, स्टॉर्म मला आवडते तरी तुझ्याशी सहमत.

---

नाट्यपदं_आठवणीतली

मी तुमच्या या विषयातला नाही. मुलगा कॉमिक्सवाला, त्यानं हा धागा दाखवला. सगळं वाचून काढलं आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना.

तुम्ही ज्याला क्रॉसओव्हर म्हणता तो आपल्याकडं ८ जुलै १९२१ ला मुंबईत झालेला आहे. संयुक्त मानापमान. एका बाजूला बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी, दुसऱ्या बाजूला केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या. महाराष्ट्रात घराघरांत दोन तट पडलेले, बालगंधर्व मोठे की केशवराव. आणि टिळक स्वराज्य फंडासाठी ती दोघं एका रंगमंचावर उभी राहिली. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. नाटक कोणाचं? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, म्हणजे आपल्या सांगलीत जन्मलेल्या माणसाचं. बालगंधर्वांचं नागठाणेही इथलंच. म्हणजे या गोष्टीवर आपला हक्क आहे.

माझे आजोबा तेव्हा बारा वर्षांचे, इथं सांगलीत. त्यांनी प्रयोग पाहिला नाही, पण सांगायचे की नाटक होऊन महिने लोटले तरी कट्ट्यावर वाद तोच: कोणाला किती वन्समोअर मिळाले. तुमचा हा धागा वाचताना मला तोच कट्टा आठवला. आणि त्या प्रयोगानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. एकत्र यायची ती वेळ टळली असती तर ती कायमचीच टळली असती.

मुलाला विचारलं, तुमच्याकडं असं दोन कंपन्यांचं कधी झालं? त्यानं १९७६ चं सुपरमॅन-स्पायडरमॅन काढून ठेवलं समोर. ते मोठ्या आकाराचं पुस्तक मी चष्मा लावून पाहिलं. एकाला जेवढी जागा तेवढीच दुसऱ्याला. आधी भांडतात, मग दोघं मिळून त्या दोन दुष्टांना धरतात. मी म्हटलं, हे पदांची वाटणी केल्यासारखं आहे: तुझं एक पद झालं की माझं एक. मानापमानात पदं मुळातच नाटककारानं वाटून दिलेली होती, तिथं हे जमून गेलं. तुमच्या लेखकांना ती वाटणी स्वतः करावी लागली असेल, फार अवघड.

---

हरभट_रोड (धागाकर्ता)

काका, नमस्कार करतो. संयुक्त मानापमान आणि सुपरमॅन-स्पायडरमॅन एका ओळीत कधी येतील असं मला वाटलं नव्हतं, आणि आता ते वेगळे करता येणार नाहीत.

तुम्ही वेळ टळण्याबद्दल लिहिलंत म्हणून आणखी एक. डीसीची जस्टिस लीग आणि मार्व्हलचे ॲव्हेंजर्स एकत्र आणायचं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ठरलं होतं, चित्रकार हाच जॉर्ज पेरेझ. काही पानं काढूनही झाली. पण दोन कंपन्यांचं जमेना आणि १९८३ मध्ये सगळं बासनात गेलं. वीस वर्षांनी, २००३ मध्ये, ते पुन्हा सुरू झालं, लेखक कर्ट ब्युसिक आणि चित्रकार परत पेरेझच. पुढं तो आजारी पडल्यावर २०२२ मध्ये त्याच्यासाठी म्हणून त्या पुस्तकाच्या फक्त ७,००० प्रती पुन्हा छापल्या. मे महिन्यात तो गेला. दोन्ही कंपन्या त्या एका माणसासाठी पुन्हा एकत्र आल्या, हे मी विसरत नाही. त्यानंतर थेट २०२५ मध्ये बॅटमॅन आणि डेडपूल एकत्र आले, आणि त्यावरूनच तर आपल्या या वाचनाचं ठरलं.

---

गावभाग_दुसरी_गल्ली

मी दोन दिवस प्रतिसाद लिहून पुसतोय. आज पाठवतो.

माझ्याकडं इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक होते. वडिलांनी जमवलेले, मग मी वाढवलेले. वेताळ, मँड्रेक, बहादूर. त्यात वेताळाच्या लग्नाची गोष्ट होती. ली फॉकनं १९७७ मध्ये वेताळ आणि डायनाचं लग्न लावलं आणि त्या लग्नाला जादूगार मँड्रेक आणि त्याचा सोबती लोथार पाहुणे म्हणून आले. आमच्या घरचा पहिला क्रॉसओव्हर तोच. मारामारी नाही, संकट नाही, एका गोष्टीतला माणूस दुसऱ्या गोष्टीतल्या माणसाच्या लग्नाला आला. लहानपणी मला त्यात एवढा आनंद व्हायचा की वेताळाला मित्र आहे, तो त्या गुहेत एकटा नाही.

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सांगलीत पोराटोरांना पाठ असतं. आम्ही आकडे ऐकत होतो. पन्नास झालं तेव्हाही वडील म्हणाले, २००५ ला पायरीपर्यंत आलेलं, आताही तिथंच थांबेल. ते सत्तावन्नच्या वर गेलं.

लोकांना वाटतं पूर म्हणजे लाटा, गर्जना. गल्लीत पाणी चढतं तेव्हा आवाज होत नाही. तुम्ही चहा करता, बाहेर बघता, एक पायरी कमी झालेली असते. परत बघता, दुसरी गेलेली असते. ती पांढरी भिंत बघितली आणि मला तेच आठवलं. खिळेजुळारी काकांनी लिहिलंय ना, रेषा येतात आणि एका जागी थांबतात. आमच्या भिंतीवर अजून तसा पट्टा आहे. खाली काही नाही, वर चुन्याचा रंग.

बोट आली तेव्हा आधी पुतणीला दिलं. आठ महिन्यांची होती. माझ्या भावानं तिला खिडकीतून बोटवाल्याच्या हातात ठेवलं आणि क्षणभर त्याचा हात सुटेना. ल्युथर आणि लोइसचं ते पान मी पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भराभर उलटलं होतं. परवा रात्री त्या पानावर बसून राहिलो. बोट लागली त्या दिवशी आमच्याकडं चांगलं-वाईट कोणी नव्हतं. ज्या शेजाऱ्याशी आमचा भिंतीवरून दहा वर्षं वाद चालला होता, तोच गळाभर पाण्यात उभा राहून बोट धरून होता. म्हणून क्राइम सिंडिकेटची ती माणसं जग वाचवायला धावतात ते मला अजिबात खोटं वाटलं नाही. हरभट, तू लिहिलंस ना, ते त्यांनी कधी केलेलंच नाही. आम्हीही केलेलं नव्हतं.

इंद्रजाल तळमजल्यावर कपाटात होते. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर सगळ्या अंकांचा एकच ठोकळा झालेला. पानात पान चिकटलेलं, मधे गाळ. आईनं गच्चीवर दोऱ्या बांधल्या, मी सुरीनं एकेक पान सोडवायचा प्रयत्न केला, टाल्कम पावडर घातली. लग्नाच्या अंकातलं एक पान सुटलं. त्यावर फक्त मँड्रेकची उंच टोपी आणि डायनाचा अर्धा चेहरा शिल्लक आहे. ते मी ठेवलंय.

त्यानंतर कॉमिक्स घेणं सोडलं होतं. या वाचनासाठी सहा वर्षांत पहिल्यांदा पुस्तक मागवलं.

---

मिरजेची_सतार

दादा, काय लिहू कळत नाही. मुलाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, पुतणी आता किती वर्षांची आहे ते विचार.

---

गावभाग_दुसरी_गल्ली

सहा पूर्ण, सातव्यात. शाळेत जाते आणि घरात सगळ्यांत जास्त तिचीच दादागिरी चालते.

---

खिळे_जुळारी

गावभाग, ते सुटलेलं पान एकदा माझ्याकडं आणा. दोन जाड टीपकागदांत घालून वजनाखाली दाबू, मग मागून पातळ जपानी कागद खळीनं लावता येतो, गव्हाच्या पिठाची खळ, बाजारातला डिंक अजिबात नको. आहे तेवढं टिकेल. छापखान्याच्या रजिस्टरांना मी असंच करत आलोय. पैशांचं बोलू नका.

---

महानगर_राजनगर

मी माझा पहिला प्रतिसाद मागं घेत नाही, बॅटमॅन पाहिजेच होता. पण अल्ट्रामॅनचं ते पान आज परत वाचलं आणि वेगळं लागलं. मी तिथं फक्त एक गुंड मेला असं धरून पुढं गेलो होतो.

गावभाग दादा, माझ्याकडं इंद्रजालचे अकरा अंक आहेत, सगळे मराठी, त्यात वेताळाचे सात. लग्नाचा आहे का बघतो. नसला तरी बाकीचे तुमचे. मिरजेहून सांगली किती लांब, रविवारी घेऊन येतो.

---

कंदी_पेढा

दुसऱ्यांदा वाचून झाला. या वेळी नावं बाजूला ठेवली, मिरजेच्या ताईंच्या मुलासारखी. मग सायको-पायरटचा प्रसंग दिसला. फायरस्टॉर्म आणि किलर फ्रॉस्ट एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात आणि तो मुखवटेवाला फ्रॉस्टच्या मनात एका क्षणात प्रेम घालतो. पहिल्यांदा मला तो विनोद वाटला होता. आता भीती वाटली. मनातलं असं कोणी बाहेरून बदलू शकतं, आणि अशा माणसाला गोळा करायची मॉनिटरला गरज का पडावी? उत्तर सांगू नका, मला वाचायचं आहे.

आणि शेवटी सगळे एकत्र जमतात तेव्हा त्या सावल्या येतात ना, त्या काळ्या आहेत. भिंत पांढरी, सावल्या काळ्या. काका, हे मुद्दाम असेल का?

---

खिळे_जुळारी

मुद्दामच असणार, पोरी. एकीकडं शाई अजिबात नाही, दुसरीकडं शाईच शाई. मधे अडकलीत ती रंगीत माणसं.

---

हरभट_रोड (धागाकर्ता)

दुसऱ्या अंकाचा धागा पुढच्या रविवारी रात्री नऊला. ज्यांच्याकडं पुस्तक नाही त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझी एक जादा प्रत आहे, ती आधी साताऱ्याला जाईल, कंदी पेढाची मैत्रीण मागतेय. नाट्यपदं काका, तुम्हीही वाचा, मुलगा मराठीत सांगेल. सांगलीत विश्रामबागला रविवारी सकाळी प्रत्यक्ष जमायचं असेल तर हात वर करा. इंद्रजालची देवाणघेवाण तिथंच होईल आणि खिळेजुळारी काका भिंग घेऊन येतायत.

---

मिरजेची_सतार

आम्ही दोघं येतो. मुलगा सोलोव्हरचं चित्र काढून आणणार आहे.

---

गावभाग_दुसरी_गल्ली

येतो. पान आणतो. पुतणीलाही आणतो.

नवीन पुस्तक आलं त्या दिवशी कुठं ठेवू म्हणून घरभर फिरलो. आता माळ्यावर आहे, पत्र्याच्या पेटीत, वरच्या मजल्यावर. वाचायचं झालं की शिडी लावतो.